ड्रायव्हरचं ताट

खिडकीजवळचं टेबल मिळावं म्हणून वहिनीनं सकाळपासून तीनदा फोन केला होता, आणि मिळालं ते नेमकं अख्ख्या हॉटेलातलं एकमेव डुगडुगणारं टेबल निघालं. मास्तरांनी खिशातून दीपगृहाचं तिकीट काढलं, त्याच्या चार घड्या घातल्या आणि खाली वाकून ते टेबलाच्या पायाखाली सरकवलं.

"दोनशे बारा पायऱ्या चढल्याचा काहीतरी उपयोग झाला म्हणायचा," ते गुडघे चोळत वर आले.

"तुम्ही कुठं चढलात? ऐंशीव्या पायरीवर बसून कबुतरांचे फोटो काढत होतात," आत्या म्हणाली.

बाकीचे हसले. आत्याही हसली, पण तिचं लक्ष नवऱ्याकडं नव्हतं. समोर पूर्ण भिंतभर काच होती, काचेपलीकडं रस्ता, रस्त्यापलीकडं बंदर. सहा वाजून गेले होते, ऊन तिरपं झालं होतं आणि धक्क्यावरची माणसं डोक्यावरच्या टोप्या हातानं धरून चालत होती. वारा सुटला होता.

सहलीचा हा तिसरा आणि शेवटचा दिवस. भाऊनं, म्हणजे आत्याच्या धाकट्या भावानं, अकरा तास स्वतः मिनीबस चालवून सगळ्यांना या शहरात आणलं होतं. दीपगृह झालं, मासळीचा लिलाव झाला, नांगरांचं संग्रहालय झालं. तिथं वहिनीनं एकोणीस नांगर शांतपणे पाहिले आणि विसाव्याला "हे सगळे सारखेच आहेत की हो" म्हणून बाकडं गाठलं. बोटीतून फेरी झाली. तीन दिवसांत सहा हॉटेलं झाली, आणि सहाही ठिकाणी वेटर बुचकळ्यात पडले. कारण पाच माणसांच्या टेबलावर या बहीणभावांचे वडील, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आप्पा बसलेले असताना मास्तर उठायचे, वेटरच्या हातातलं पहिलं ताट काढून घ्यायचे आणि कमरेत वाकून भाऊपुढं ठेवायचे.

या घरात ताटं वयानं वाढली जात नाहीत. पहिलं ताट ड्रायव्हरचं. आप्पांचे वडील लॉरीवर होते तेव्हापासूनची ही रीत. भुकेला ड्रायव्हर आणि रिकामी टाकी, दोन्ही ऐन रस्त्यात दगा देणार, असं ते म्हणायचे. ज्यानं गाडी हाकली त्याच्यापुढं पहिलं ताट, ते ठेवायचं त्याच्या शेजारी बसलेल्या क्लीनरनं, आणि ड्रायव्हरनं घास घेतल्याशिवाय बाकीच्यांनी अन्नाला बोट लावायचं नाही. लग्नात नवरदेवाला ताटकळत ठेवून वऱ्हाडाच्या बसच्या ड्रायव्हरला आधी वाढणारं एवढं एकच घर असेल. आप्पांनी छत्तीस वर्षं बस चालवली, भाऊनं एकाच्या दोन मिनीबस केल्या, आणि या सहलीत मास्तर नकाशा मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसल्यामुळं जावई असूनही क्लीनर ठरले होते. त्यांना त्याचं काही नव्हतं. निवृत्त चित्रकला शिक्षकाला कोणी काहीही ठरवावं.

"आमच्याकडं ड्रायव्हरला मान असतो," वहिनी वेटरला सांगत होती. वेटर पाण्याचे ग्लास भरत होता, त्याला पळायला जागा नव्हती. "आणि आमचे हे म्हणजे साधे ड्रायव्हर नाहीत. पंधरा वर्षांचे होते, बरं का! आप्पांना घाटाखाली ताप भरला. एकशे चार. धुकं असं की हाताला हात दिसेना. ह्यांनी मालकाची जीप अख्खा घाट चढवून, उतरवून घरी आणली. पंधराव्या वर्षी!"

"अरे वा," वेटर म्हणाला.

"जाऊ दे गं, जुनं झालं ते," भाऊ म्हणाला आणि पाणी प्यायला.

आत्यानं मांडीवरचा कापडी रुमाल उलगडला आणि पुन्हा घडी घातली. एकोणतीस वर्षं ती ही गोष्ट वहिनीच्या तोंडून ऐकत होती. वहिनीचा त्यात काडीचा दोष नव्हता. ही गोष्ट ऐकूनच तर तिनं या स्थळाला होकार दिला होता.

त्या दिवशी जीप चालवली होती आत्यानं.

ती एकोणीस वर्षांची होती. रविवारी डेपोचं आवार रिकामं असायचं तेव्हा आप्पांनीच तिला जीप शिकवली होती, गंमत म्हणून. घाटाच्या पायथ्याशी आप्पांचे हात चाकावर थरथरायला लागले. ते मागच्या सीटवर आईच्या मांडीवर आडवे झाले आणि त्यांची शुद्ध गेली, किंवा गेलीय असं सगळ्यांना वाटलं. आत्या चाकावर बसली. भाऊ शेजारी. तो फडक्यानं काच पुसत होता आणि रडत रडत सांगत होता, "ताई, डावीकडं दगड... ताई, कठडा आला." सव्वादोन तास. घरी पोचले तेव्हा दारात शेजारी जमले होते. जीप कुणी आणली, असं कोणीतरी विचारलं. आप्पा खाटेवर पडल्या पडल्या म्हणाले, "पोरानं आणली." आणि आईला म्हणाले, "त्याला वाढ आधी."

आईनं आत्याकडं एकदा पाहिलं आणि मान खाली घालून ताट वाढलं. आता भाऊ ड्रायव्हर, म्हणजे क्लीनर कोण? ते ताट भाऊपुढं ठेवायला लागलं ते आत्याला.

त्यानंतर तिनं गाडीचं चाक हातात धरलं नाही. शिवणाचा वर्ग काढला, पंचवीस वर्षं मशीनचं चाक फिरवलं, पाच गावच्या पोरी शिकवल्या. राग राग म्हणतात तो कधीच विझला होता. उरला होता एक खडा, दाताखाली आला की तेवढ्यापुरता कचकन लागणारा. पण काल बोटीच्या फेरीत तो असा लागला की रात्रभर तिचा डोळा लागला नव्हता.

कारण काल त्या बोटीत बारकी होती.

बारकी म्हणजे भाऊची मुलगी. नाव दुसरं आहे, पण उंची पाच फुटांच्या आतली, त्यामुळं तेच चिकटलं. भाऊ मुलीला जहाजाच्या कॉलेजात घालायला तयार नव्हता तेव्हा फॉर्मवर पालक म्हणून आत्यानं सही केली होती, आणि बहीणभावांत आठ महिने अबोला होता. आता तीन वर्षं बारकी या बंदरात पायलट होती. बाहेरून येणारं जहाज खोल पाण्यात थांबतं, ही छोट्या बोटीतून तिथं जाते, जहाजाच्या कुशीला सोडलेल्या दोरीच्या शिडीनं वर चढते आणि जहाज आत आणून धक्क्याला लावते. भाऊ गावात सांगायचा, "पोरगी बंदराच्या ऑफिसात आहे." सहल तिनंच ठरवली होती. घरच्यांनी आपलं बंदर बघावं, एवढीच तिची हौस.

"पण मग जहाजाचं चाक तुझ्या हातात असतं का?" भाऊनं काल बोटीत विचारलं होतं.

"नाही बाबा. चाक जहाजावरच्या माणसाच्या हातात. मी शेजारी उभं राहून सांगते. किती वळवायचं, कधी थांबवायचं."

भाऊचा चेहरा उजळला. तीन वर्षं न सुटलेलं कोडं सुटलं होतं. त्यानं बोटीच्या पत्र्यावर दोनदा थाप मारली आणि ओरडला, "येऊ दे, येऊ दे, येऊ दे... बस्स! अगं, मग सरळ सांग ना, क्लीनर आहे म्हणून!"

सगळी बोट हसली. माहिती सांगणारा गाइडही हसला. बारकीसुद्धा हसली, आणि आत्याला लागलं ते तेच. आपणही त्या दिवशी ताट ठेवताना हसलो होतो, हे तिला आठवलं.

आप्पा तेवढे हसले नव्हते. त्यांनी एकच विचारलं होतं. "कप्तान तुझं ऐकतो?"

"ऐकावं लागतं, आप्पा."

"का म्हणून?"

"खाली तळ कुठं वर आलाय ते मला पाठ आहे. त्याला नाही."

त्यानंतर दुपारी जेवायला बसले, आणि त्या दिवशी मिनीबस जागची हललीसुद्धा नव्हती, तरी पहिलं ताट भाऊपुढंच गेलं. तेव्हाच आत्यानं ठरवलं. उद्या बारकी जहाज लावून जेवायला येणार आहे. उद्या पहिलं ताट तिच्यापुढं पडलं नाही, तर आपण उभं राहायचं आणि बोलायचं. बारकीचंही आणि आपलंही. जे व्हायचं ते होऊ दे. एकोणिसाव्या वर्षी गप्प बसलो, आता साठी जवळ आली, आणखी कशासाठी जपायचं?

"आलं!" मास्तर ओरडले. "लाल जहाज, पुढं पांढरी क्रेन. बारकी म्हणाली होती ते हेच."

पक्षी बघायची दुर्बीण त्यांनी डोळ्यांना लावली. वहिनीनं ती पट्ट्यासकट ओढली, त्यामुळं मास्तरांची मानही गेली.

"अहो, केवढं आहे हे! ही एवढ्याला आणते?"

"दोनशे मीटर," मास्तर म्हणाले. "आप्पा, आपल्या हिशेबानं सांगायचं तर एकापुढं एक अठरा बस."

आप्पांनी मान हलवली. त्यांनी खुर्ची काचेकडं फिरवून घेतली.

जहाज बंदराच्या तोंडाशी असलेल्या दोन खांबांमधून आत आलं आणि रुंद पाण्यात हळूहळू वळायला लागलं. ढुशा देणाऱ्या दोन ठेंगण्या बोटी त्याला पुढून आणि मागून चिकटल्या होत्या. धक्क्याला आधीच दोन जहाजं उभी होती आणि त्यांच्यामध्ये एक मोकळी जागा होती.

"तिथं घालणार?" भाऊ म्हणाला. "बसतंय कुठं? आणि ते तोंड फिरवून घेतंय. म्हणजे रिव्हर्सनं?"

"आज वारा वाईट आहे," पाव ठेवायला आलेला वेटर म्हणाला. "दुपारची दोन जहाजं आत आलीच नाहीत, बाहेरच थांबलीत."

जहाज मागं मागं यायला लागलं. डावीकडच्या जहाजापासून जेमतेम अंतर उरलं असताना वाऱ्याचा एक झोत आला. हॉटेलच्या काचा खडखडल्या, बाहेरच्या छत्र्या उलट्या झाल्या, आणि ते लाल धूड सगळं एका अंगावर सरकलं. आत्यानं मास्तरांचं मनगट धरलं.

जहाज जागच्या जागी थांबलं.

"बंद पडलं!" वहिनी म्हणाली.

"बंद नाही पडलं," आप्पा म्हणाले. "थांबवलंय तिनं. झोत जाऊ देतेय."

"पण आप्पा, मागं जागा आहे, आता दाबायला पाहिजे," भाऊ म्हणाला. त्याचा उजवा पाय टेबलाखाली फरशी दाबत होता. "नाहीतर वारा परत..."

"तू दाबलं असतंस. म्हणून तर तुझ्या गाडीचा मागचा बंपर तीनदा बदलला." आप्पांनी हात पुढं केला. "ती दुर्बीण द्या इकडं."

वहिनीनं निमूटपणे दिली. आप्पांनी ती बराच वेळ धरली. हात कापत होते, म्हणून आत्यानं उठून त्यांची कोपरं खालून धरली. कितीतरी वर्षांत तिनं आप्पांना असं धरलं नव्हतं.

"दिसतेय," आप्पा म्हणाले. "वरच्या सज्जात. नारिंगी जाकीट. कठड्यावरून खाली वाकून बघतेय, अर्धी बाहेर." त्यांचा आवाज बदलला. "मी असाच वाकायचो. रिव्हर्स घेताना मी कधी क्लीनरवर विसंबलो नाही. खिडकीतून अर्धा बाहेर. बघ, अगदी तसंच वाकतेय पोर."

"पण चाक तिच्या हातात नाही ना, आप्पा," भाऊ म्हणाला. तो वाद घालत नव्हता, विचारत होता.

"चाकाचं काय घेऊन बसलास? डोळा कुणाचा चाललाय ते बघ. चाकाला कुठं डोळा असतो?"

झोत ओसरला. छत्र्या सरळ झाल्या. जहाज पुन्हा हललं, मागं, आणखी मागं, आणि दोन जहाजांच्या मधे असं शिरलं जसं कपाटात घडीचा कपडा शिरतो. धक्क्यावरच्या माणसांनी दोर ओढून घेतले.

"अठरा बस," भाऊ म्हणाला. "रिव्हर्सनं. असल्या वाऱ्यात." त्यानं नाक शिंकरलं, शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी जोडप्याकडं वळून पाहिलं आणि कोणी विचारलं नसताना सांगितलं, "ते लाल जहाज लावलं ना आत्ता, ती माझी मुलगी आहे."

शेजारच्या बाईनं टाळ्या वाजवल्या. वहिनी तर वेटरच्या मागं स्वयंपाकघराच्या दारापर्यंत सांगत गेली. आत्या खुर्चीत बसली. छाती भरून आली होती, आणि तरी तो खडा होताच. अभिमान वाटणं वेगळं आणि ताट वेगळं, हे तिला ठाऊक होतं. त्या दिवशी आईलाही तिचा अभिमान वाटलाच असेल.

भाजलेला मासा आणि बटाटे घेऊन वेटर आला. मास्तर सवयीनं उठले, पहिलं ताट घेतलं आणि भाऊकडं वळले. आत्यानं दोन्ही हात टेबलावर टेकले. पाय उठायला तयार होते.

"जावईबापू," आप्पा म्हणाले, "ते परत पाठवा."

"का? मासा बरा नाही का?"

"मासा चांगला असेल. ड्रायव्हर यायचाय अजून."

आत्याचे हात टेबलावर तसेच राहिले. वहिनीनं भाऊकडं पाहिलं, भाऊनं ताटाकडं. मग त्यानं स्वतःच ताट पुढं ढकललं. "घेऊन जा," तो वेटरला म्हणाला. "ती आली की गरम आणा."

पाऊण तास सगळे रिकाम्या टेबलाशी बसले. पावालासुद्धा कोणी हात लावला नाही. वेटर दोनदा येऊन बघून गेला. मास्तरांचं पोट एकदा मोठ्यानं गुरगुरलं, तेव्हा त्यांनी शेजारच्या टेबलाकडं रागानं पाहिलं.

बारकी आली ती जवळजवळ धावत. केस कपाळाला चिकटलेले, गालावर मिठाचे पांढरे डाग, काखेत नारिंगी जाकीट. "सॉरी, सॉरी. जेवलात ना सगळे?" टेबलावर तिची नजर गेली. "हे काय? अजून मागवलंच नाही?"

"बस," भाऊ म्हणाला. त्यानं खुर्ची ओढून दिली.

आप्पांनी वेटरला बोट केलं. "दोन ताटं आणा. आधी दोनच."

"दुसरं कुणाला?" वहिनी म्हणाली. "ह्यांना ना?"

आप्पा भाऊकडं पाहत राहिले. भाऊच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. वेटर दोन वाफाळती ताटं घेऊन आला तेव्हा मास्तर उठायला लागले, पण भाऊनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं.

"आज मी क्लीनर," तो म्हणाला.

त्यानं एक ताट बारकीपुढं ठेवलं. दुसरं दोन्ही हातांत धरून तो टेबलाला वळसा घालून आला आणि आत्यापुढं ठेवलं. सरळ उभं न राहता तो तिथंच, तिच्या खुर्चीशी वाकून राहिला.

"ताई, त्या दिवशी क्लीनर मी होतो. हे मी ठेवायचं होतं."

"कुठल्या दिवशी?" वहिनी म्हणाली. आणि मग तिला समजत गेलं. भाऊ, आत्या, आप्पा, असं तिनं एकेकाकडं पाहिलं. "म्हणजे घाट... तुम्ही नव्हे?"

"मी काच पुसत होतो. आणि रडत होतो," भाऊ म्हणाला. "जीप ताईनं आणली."

"आणि एकोणतीस वर्षं मला सांगू दिलंत? वेटरांनासुद्धा?" वहिनीचे डोळे भरले. तिनं हातातला रुमाल नवऱ्याच्या पाठीत मारला आणि आत्याला म्हणाली, "वन्सं, अहो एकदा तरी माझं तोंड धरायचं होतं!"

बारकी वेड्यासारखी आत्याकडं पाहत होती. "आत्या, तू? घाट? धुक्यात?"

"दारात माणसं उभी होती," आप्पा म्हणाले. ते कोणाकडंच पाहत नव्हते, बाहेर जहाजाकडं पाहत होते. "बाप मागं आडवा आणि पोरगी चाकावर, हे माझ्या तोंडून निघालं नाही. लाज पोरीची नव्हती. माझी मला वाटली. नंतर रोज वाटलं, आज सांगू, उद्या सांगू. तुमची आई जाईपर्यंत मला सांगत होती, सांगा म्हणून." मग त्यांनी आत्याकडं मान वळवली. "माझी शुद्ध गेली नव्हती. मी मागं पडून ऐकत होतो. चौथ्या वळणाला तू गियर खाली घेतलास. वळणाआधी. मी असतो तर वळणात घेतला असता."

छत्तीस वर्षांत आप्पांनी आपल्यापेक्षा दुसऱ्याचा गियर बरा पडला, असं कोणाबद्दल म्हटलं नव्हतं. डेपोतल्या एकाही ड्रायव्हरबद्दल नाही, पोटच्या मुलाबद्दलही नाही. आत्यानं बोलायचं म्हणून रात्रभर जे जुळवून ठेवलं होतं त्यातला एक शब्द तिला आठवेना. आठवून तरी काय करायचं होतं?

"हातात घाम होता," ती म्हणाली. "दांडा निसटत होता. म्हणून लवकर घेतला."

"चांगला ड्रायव्हर असंच सांगतो," आप्पा म्हणाले.

"अहो, जेवा आता!" मास्तर कळवळून म्हणाले. "तुम्ही दोघींनी घास घेतल्याशिवाय आम्हाला हात लावता यायचा नाही."

बारकीनं तुकडा मोडला. शिडीच्या दोरीनं तिचा तळवा सोलवटला होता. तिनं आत्याकडं पाहून भुवया उडवल्या. आत्यानंही तुकडा मोडला, आणि सगळं टेबल त्यांच्याकडं बघत असताना दोघींनी घास एकदमच तोंडात घातला.

मासा गरम होता, जीभ भाजली. आत्यानं सावकाश, शेवटपर्यंत चावून तो गिळला, मग मान वर करून वेटरला म्हणाली, "आता बाकीच्यांना वाढा."